दिवेलागणीच्या आत

आमच्या घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक अर्धा स्वेटर होता. पाठ पूर्ण, पुढची बाजू छातीपर्यंत, बाह्यांचा पत्ता नाही. नानांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, तो मी विणायला घेतला होता आणि सुया खुपसलेल्या तशाच ठेवून तो माझ्या लग्नापर्यंत तिथं राहिला. घरी पाहुणा आला, चहा झाला, बोलणं संपलं की आई तो खाली काढायची. "ही आमची सुमन. हिचं सगळं हे असं," म्हणून दाखवायची. पेटी शिकायला गेले ती अलंकारांपर्यंत. टायपिंगला गेले ती डाव्या हाताची बोटं बसेपर्यंत. परसात भेंडी लावली आणि तिला फुलं आल्यावर पाणी घालायचं विसरले. हे सगळं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. माणसाला खोट्या आरोपाचा इतका राग येत नाही. आता गुडघ्याला पट्टा बांधून हे लिहिताना वाटतं, त्या वयात कुणाचं काय पूर्ण झालेलं असतं? पण तेव्हा हे उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी नानांपुढं बोलायची छाती नव्हती.

नाना परभणीत एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मूळचे आम्ही जिंतूरकडचे, पण नोकरीपायी परभणीकर झालेलो. वेळ हा नानांचा देव. देवघरातल्या देवांना फुलं आई वाहायची. नाना रोज सकाळी नेमानं मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे. प्रार्थनेची घंटा झाली की स्वतः जाऊन शाळेचं फाटक लावायचे आणि बाहेर राहिलेली पोरं प्रार्थना संपेपर्यंत बाहेरच. एकदा मीही राहिले. निघालो होतो एकाच घरातून, पण मी वाटेत चिंचा वेचत बसले. फाटकाच्या गजांमधून नानांनी माझ्याकडं बघितलं, कडी घातली आणि प्रार्थनेला निघून गेले. संध्याकाळी आईनं जाब विचारला तर म्हणाले, "फाटकाला कुणाची पोरगी ते कळत न्हाई."

तीच तऱ्हा दिवेलागणीची. सूर्य मावळला की देवापुढं निरांजन लागलं पाहिजे, निरांजन लागल्याशिवाय घरातला एकही बल्ब पेटवायचा नाही, आणि निरांजन लागताना घरातली सगळी माणसं घरात हजर पाहिजेत. आईचे हात कणकेत असले तरी ती धुऊन उठायची, कारण नाना ओसरीवरून घड्याळ बघून सांगायचे, "दिवेलागण झाली." जसा काही सूर्य त्यांना विचारूनच मावळला होता. एवढं ऐकलं की आम्ही भावंडं जिथं असू तिथून धावत सुटायचो. मला अजूनही तिन्हीसांजेला घराबाहेर असले की उगाच कुणीतरी रागवेल असं वाटतं, आणि आता तर रागवणारं कुणी उरलेलं नाही.

कॉलेजात असताना आमच्या खेळाच्या सरांनी मुलींची सायकल सहल काढायची ठरवली. परभणीहून थेट कोकणातल्या समुद्रापर्यंत, मुक्काम करत करत. मी समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे मला जिंतूरजवळचं धरण माहीत, आणि तेही मामाबरोबर गेले तेव्हा अर्धं आटलेलं. समुद्र बघायचा, तोही आपल्या पायांच्या जोरावर, या कल्पनेनं मला झोप लागेना. घरी विचारण्याआधी मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. मुलीच्या जातीनं इतक्या लांब कसं जायचं, लोक काय म्हणतील, वगैरे प्रश्न येणार हे गृहीत होतं. नानांनी त्यातला एकही विचारला नाही. म्हणाले, "पोरगी म्हणून न्हाई म्हणत न्हाई मी. सुमन म्हणून न्हाई म्हणतोय. तू बीडपर्यंत जाशील आन् बसशील. मग तुला आणायला कुणी यायचं?" यावर माझ्याकडं पाठ केलेलं उत्तर नव्हतं.

मग रडारड झाली, अबोला झाला, उपोषणही झालं. ते दुपारी शेंगदाण्यांपाशी सुटलं, म्हणजे पुन्हा अर्धंच. शेवटी घरातली कटकट असह्य होऊन नानांनी शर्त घातली. "परभणी, ताडकळस, पालम, गंगाखेड आन् परत परभणी. अशी गोल फेरी. सगळी सायकलवर. पहाटं निघायचं आन् दिवेलागणीच्या आत घरात. एवढं एक पूर्ण करून दाखव. मग समुद्राला जा न्हाईतर समुद्राच्या पलीकडं जा." सोबतीला दत्तूकाका जाणार आणि ते येऊन सांगतील तेच खरं, असंही ठरलं.

दत्तूकाका नानांचे चुलतभाऊ, रामाच्या देवळात पुजारी. त्यांना साक्षीदार म्हणून निवडायचं कारण उघड होतं, ते कधी खोटं बोलत नसत. पण माझ्या आनंदाचं कारण वेगळं होतं. काका बाहेरचं खात नसत. चहासुद्धा नाही. गावाला जायचं तर घरून दशम्या बांधून नेत आणि पाणी आपल्याच तांब्यातलं पीत. त्यांच्यासोबत हॉटेलात वेळ जाणार नाही, कुणाच्या घरी पाहुणचार झोडला जाणार नाही. अख्ख्या परभणीत रस्त्यावर न थांबणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस शोधून सापडला नसता. असं मला वाटलं, नानांना वाटलं, आणि काकांनाही वाटलं. आम्ही सगळे उंटावरचे शहाणे.

दिवस काकांनी ठरवला. मार्गशीर्षातली अमावस्या आणि रविवार. "अमावस्येला लग्न न्हाई, मुंज न्हाई, सत्यनारायण न्हाई. मी मोकळा," असा त्यांचा सरळ हिशोब. आई म्हणाली, अमावस्येला कुणी पोरीला उंबऱ्याबाहेर काढतं का? नाना म्हणाले, सायकलला तिथी कळत नाही. पंचांगात त्या दिवसापुढं 'वेळा अमावस्या' असं बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि काकांनी ते वाचलंही होतं, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. पण आम्ही जिंतूरकडची माणसं. गोदावरीच्या पलीकडं त्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे आमच्या बापजन्मात कुणाला ठाऊक नव्हतं.

पहाटे निघालो तेव्हा थंडी अशी होती की हँडल धरवत नव्हतं. माझी सायकल लेडीज, सेकंडहँड, डाव्या पायडलला कुरकुर करणारी. काकांची काळी, जड, डायनॅमो लावलेली. तिच्या कॅरिअरवर दशम्यांचं फडकं आणि हँडलला तांब्या लटकवलेला. पिंगळीला पोचलो तेव्हा स्टेशनातले दिवे अजून चालू होते. ताडकळस आलं तेव्हा ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं. दोन्हीकडं ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तूर काढणीला आलेली, मधूनच कापसाची उघडलेली बोंडं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी गाणं म्हणायला लागले. काका म्हणाले, "अशीच चालवलीस तर चहाच्या टायमाला घरी." काकांच्या तोंडून बाहेर पडलेलं हे त्यांच्या आयुष्यातलं बहुधा एकमेव असत्य वचन.

गोदावरी ओलांडली आणि काहीतरी चमत्कारिक जाणवायला लागलं. गावात माणूस नाही. घरांना कुलपं, पारावर कुत्री, चहाची टपरी बंद. दुसरं गाव आलं, तेही तसंच. मला वाटलं इथं कसली साथबीथ आली की काय. मग रस्त्याच्या कडेनं डोक्यावर भलं मोठं डालं घेतलेली एक बाई दिसली. तिला 'मामी' म्हणून मीच हाक मारली, गावं रिकामी का म्हणून विचारलं, आणि तिथंच दिवसाचा सत्यानाश झाला.

"आगं माय, येळवस हाय आज, येळा आमुशा! समदे रान पुजायला रानात हायत. तुमी कुटं जायलाव?"

"पालम, गंगाखेड करून परत परभणीला."

"जेवल्याबिगर?"

"आमच्याजवळ दशम्या आहेत मामी. लय लांब जायचंय, घाई आहे."

"मंग? लांब जाणाऱ्याला भूक लागत न्हाई काय?" तिनं डालं काकांच्या कॅरिअरवर सरळ टेकवलं, म्हणजे काकांना सायकल हलवायची सोयच राहिली नाही. "येळवशीला वाटसरू रानावरून उपाशी गेला तर रान वर्सभर उपाशी ऱ्हातंय. चला महाराज."

मी निश्चिंत होते. महाराज बाहेरचं खात नाहीत. पण महाराजांनी सायकल स्टँडवर लावली आणि पायातल्या चपला काढल्या. ज्वारीच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. त्यांच्यापुढं नैवेद्य आणि आंबिलीचं मडकं. काकांनी दगडांना नमस्कार केला, घोंगडीवर मांडी घातली आणि पान वाढायला सांगितलं.

"काका! तुम्ही बाहेरचं खात नाही ना?"

"हे बाहेरचं कुठं? आधी देवाला दाखवलंय. हा प्रसाद हाय. प्रसादाला नको म्हणायचं पाप मी घेणार न्हाई."

आता त्या जेवणाबद्दल लिहिलं पाहिजे, कारण अन्नावर राग काढू नये. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हरभऱ्याचा कोवळा पाला एकत्र शिजवून केलेली दाट भज्जी, तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, आणि वरून लसणाचा वास मारणारी थंड आंबील. पहिल्या रानात मी ते सगळं आवडीनं खाल्लं. नंतर आयुष्यात अनेक लग्नांत, अनेक नावाजलेल्या ठिकाणी जेवले, पण तशी भज्जी नाही. पहिल्या रानातली, म्हणते आहे मी. कारण हात धुऊन आम्ही रस्त्याला लागतो न लागतो तोच पुढच्या बांधावरून आरोळी आली, "ओ महाराज! शेजारच्यात जेवलाव, आमच्यात न्हाई व्हय?"

तिथून पुढं किती खोपा झाल्या ते मला विचारू नका. प्रत्येक रानात पांडव, प्रत्येक पांडवापुढं नैवेद्य, म्हणजे प्रत्येक ठिकाणी प्रसाद. मी सायकल वेगानं मारून बघितली तर पुढं पोरं हातात हात घालून रस्ता अडवून उभी. मान खाली घालून, कुणाकडं न बघता जाऊन बघितलं तर मागून काकांचाच आवाज, "सुमे, थांब, ही माणसं बोलवायलीत!" एका ठिकाणी मी ठाम राहिले. उतरतच नाही म्हटलं. तर एक दांडगा शेतकरी हसत हसत आला, मला म्हणाला, "उतरा ताई जरा, चाक बघतो," आणि मी उतरल्याबरोबर त्यानं सायकल खांद्यावर टाकली आणि ज्वारीत शिरला. सायकल खोपीपाशी नेऊन पांडवांच्या शेजारी उभी केली. तिला हळद-कुंकूही लावलं. मी बेजार होऊन तिथंच बांधावर बसले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं होतं, आणि तोंडावर मात्र हसू ठेवावं लागत होतं, कारण समोर माणसं इतक्या जिव्हाळ्यानं वाढत होती की त्यांच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. राग यावा आणि तो काढायला माणूस मिळू नये, याच्यासारखा छळ नाही.

परवा माझा नातू अशीच शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी मारून आला. डोक्यावर हेल्मेट, गिअरची सायकल, हँडलवर मोबाइल, त्यात नकाशा. कुठं थांबलास का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "नाही आजी, नॉनस्टॉप." कुणी जेवायला बोलावलं नाही का, तर म्हणाला, कानात गाणी होती, ऐकू आलं नसेल. मला त्याचा हेवा वाटला. मग थोडं वाईटही वाटलं, पण आधी हेवाच वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

पालम मागं टाकलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काकांचं पोट हँडलला टेकत होतं आणि ते एक पायडल मारून दोन श्वास घेत होते. तरी मी मनात ताळा करत होते, अजून जमेल, अजून जमेल. अशात एका रानात काकांना हाक आली आणि ते उतरले. मी रस्त्यावर उभी राहून वाट बघितली, नुसतं पाणी प्यायले. काका खाऊन आले, आम्ही निघालो, तर लगेच शेजारच्या रानातून एक म्हातारा काठी आपटत आडवा आला.

"धाकल्याच्या रानात जेवलाव?"

"हो," काका म्हणाले. खोटं बोलता येत नाही ना.

"मंग आमच्यात जेवल्याबिगर हलायचं न्हाई. तो माझा सख्खा भाऊ हाय. बोलत न्हाई आमी एकमेकाला. तुमी त्याच्यात जेवून आमच्या रानावरून तसंच गेलाव, मंजी गाव काय म्हणंल? महाराजबी त्याच्याच बाजूनं?"

तेवढ्यात धाकटाही बांधावर आला. तो थोरल्याकडं न बघता काकांना म्हणाला, "महाराज, तिकडं गेलाव तर माझ्याकडं जेवलेलं वाया." दोघंही एकमेकांचं नाव न घेता, आमच्याच आडून भांडायला लागले. बांध कुणी कोरला, विहिरीचं पाणी कुणी तोडलं, आईच्या आजारपणात कुणी दवाखान्यात पाय ठेवला नाही. काका दोघांच्या मधोमध उभे राहून दोघांनाही "खरं हाय, खरं हाय" म्हणत होते. आणि सूर्य खाली चालला होता. माझा समुद्र त्या बांधावर आटायला लागला होता.

माझा तोल गेला. मी सायकल आडवी टाकली आणि ओरडले, "ऐका! दोघांच्याही घरची आंबील इथं आणा. इथं, बांधावर. एकाच गडूत ओता. मी उभ्यानं पिते आणि जाते. न्हाईतर मी इथंच बसते, मग जन्मभर सांभाळा मला!"

 मग थोरल्याची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिकडून धाकट्याचीही हसायला लागली. दोघी आपापली मडकी घेऊन आल्या, दोन्हीकडची आंबील एका गडूत पडली आणि मी ती डोळे मिटून घटाघटा प्याले. त्यानं त्या दोघांचं भांडण मिटलं वगैरे काही झालं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते पुन्हा विहिरीच्या भांडणावर आले होते. पण आम्हाला जाऊ दिलं, एवढं खरं. जाऊ दिलं म्हणजे मला. काका तोवर थोरल्याच्या खोपीत आडवे होऊन घोरायला लागले होते. त्यांच्या कानाशी त्यांच्याच सायकलची घंटी वाजवून त्यांना उठवावं लागलं.

गंगाखेडात शिरलो तेव्हा ऊन अजून रस्त्यावर होतं, पण सावल्या लांब झाल्या होत्या. स्टँडवर परभणीची एसटी उभी होती, कंडक्टर "परभणी, परभणी" म्हणून ओरडत होता. टपावर एक सायकल आधीच बांधलेली. काका उतरले आणि घाम पुसत म्हणाले, "सुमे, आता सायकलनं दिवेलागणीच्या आत व्हत न्हाई. माझ्याच्यानं तर नक्कीच न्हाई. सायकली टपावर टाकू. येशीपाशी उतरू, तिथून चालवत जाऊ."

"आणि नानांना काय सांगणार?"

"मी खोटं बोलणार न्हाई." काका टपाकडं बघत म्हणाले, "पण चूक माझी हाय. एवढ्या एका बारीला नानानं विचारलं तर मी गप बसंन. माझं गप बसणं त्याला व्हय वाटंल."

आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी अर्धं खोटं बोलायला तयार झाला होता, आणि मला त्याचाही रागच आला. सगळ्या दिवसाचा राग तिथं येऊन साठला. बस समोर होती. बसमध्ये चढले तर समुद्र. सायकलवर चढले तर उशीर, शर्त मोडली, समुद्र गेला. इतकं सोपं होतं. पण डोळ्यांपुढं सारखा तो स्वेटर यायला लागला. सुया खुपसलेला. बसमध्ये बसले असते तर समुद्राच्या काठावर उभं राहूनही मला माहीत असतं की ही फेरी मी गंगाखेडात सोडली. नानांना कळलं नसतं; मला कळलं असतं. "गेला समुद्र तर जाऊ द्या," मी म्हटलं. "पण अर्धं सोडलं असं आता कुणाला म्हणू देणार न्हाई मी. तुम्ही बसनं जा काका."

काकांनी बसकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, रामाचं नाव घेतलं आणि सायकलवर बसले.

पूल ओलांडून नदीच्या अलीकडं आलो आणि सगळं बदललं. इकडं येळवस नाही. शेतांतून माणसं रोजच्यासारखी घरी चाललेली, कुणी आमच्याकडं ढुंकूनही बघत नव्हतं. मला तहान लागली होती, तांब्या रिकामा होता, आणि दिवसभर घशात जबरदस्तीनं ओतणाऱ्या त्याच जिल्ह्यात आता कुणी पाण्याला विचारत नव्हतं. मग अंधार पडला. अमावस्येचा अंधार, स्वतःचा हात दिसेना. काका मागं राहून डायनॅमोच्या दिव्यानं मला रस्ता दाखवायचे, पण चढ आला की त्यांचा वेग कमी व्हायचा, दिवा मिणमिणायचा आणि मी ओरडायचे, "काका, पायडल!" मागून आवाज यायचा, "मारतोय बाई, मारतोय!" मी रडत होते. अंधार असल्यामुळं लपवायची गरज नव्हती. कुठल्या तरी गावाबाहेरून जाताना घराघरांत दिवे लागलेले दिसले आणि आमच्याही घरी आईनं निरांजन लावलं असणार, नानांनी घड्याळ बघून सांगितलं असणार, हे मनात आलं. तिथून पुढं मी घाई केली नाही. घाई करायला काही राहिलंच नव्हतं. नुसती पायडल मारत राहिले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांत उजेड होता. आमचं घर तेवढं काळंकुट्ट.  अमावस्येची संध्याकाळ आणि घरात दिवा नाही, म्हणजे कुणाचं तरी काहीतरी झालं. सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडून मी धावले. पायरीवर कुणीतरी बसलं होतं.

"कोण? सुमन?" नानांचा आवाज.

"नाना, काय झालं? अंधार का आहे?"

"काय व्हायचंय? दिवेलागण व्हायचीय अजून."

मला काही समजेना. तेवढ्यात आतून, अंधारातून आई बाहेर आली. "व्हायचीय म्हणे! समद्या गल्लीत कधीच दिवे लागलेत. शेजारच्या वहिनी फ्यूज गेला का म्हणून परत परत विचारून जायल्यात. आज अमावस्या, आन् हा माणूस काडेपेटी मुठीत धरून दारात बसलाय! निरांजन लावू देत न्हाई, बल्ब लावू देत न्हाई. स्टोव्ह कशानं पेटवू? स्वयंपाक न्हाई घरात!"

"न्हाई तेच बरं वहिनी," मागून काका कळवळून म्हणाले.

नाना जागचे हलले नाहीत. "दत्तू, सगळी फेरी झाली?"

"सगळी झाली."

"सायकलवर?"

"सायकलवर. गंगाखेडला मी बस दाखवली. पोरगी चढली न्हाई."

नानांनी मूठ उघडली. मग आईकडं काडेपेटी धरून म्हणाले, "लाव दिवा. पोरगी दिवेलागणीच्या आत आलीय."

 ज्या माणसानं माझ्या तोंडावर फाटकाची कडी घातली होती, त्यानं माझ्यासाठी संध्याकाळ धरून ठेवली होती. मी पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. इतकं मोठ्यानं की शेजारच्या वहिनी पुन्हा बाहेर आल्या.

आई देवघरात गेली. काडी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. पुन्हा. उजेड काही होईना. मग आई करवादली, "आवो, ही काडेपेटी ओली कशी झाली? सकाळी नवी काढलीय! थंडीच्या दिवसात सर्दली कशानं?"

 नाना उठले, धोतराला तळहात पुसले आणि शेजारच्या वहिनींकडून काडेपेटी मागून आणली. आईनं निरांजन लावलं. नाना ओसरीवर नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले आणि मनगटाकडं न बघता म्हणाले, "दिवेलागण झाली."